कुलूपबंद घरात फुटलेला सीएफएल

वैजयंतीबाईंनी दिल्लीच्या हिंदूराव इस्पितळात एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून पहाटेची बस पकडून जायच्या; वॉर्डात त्यांचा शब्द खाली पडत नसे. नवरा गेल्यावर मुलाने, उन्मेषने, त्यांना दिल्लीतच, द्वारका वस्तीत, आपल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. दुसऱ्याच महिन्यात भाजीला म्हणून गेलेल्या बाई एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींत वाट चुकल्या. तीन तास सापडल्या नाहीत. तेव्हापासून उन्मेष आणि सून निधी ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालू लागले.

दोन हजार सातचा मे. शाळेला सुट्टी, म्हणून पाच वर्षांची नात देविकाही आजीबरोबर कोंडलेली. बाईंच्या खोलीतला सीएफएलचा दिवा लुकलुकत होता. बाईंनी बटण बंद केलं, दिवा निवू दिला आणि स्टुलावर चढल्या. काचेच्या वेटोळ्याला हात न लावता पांढऱ्या बुडाला धरून त्यांनी तो फिरवला. घट्ट बसला होता. एकदम सुटला, आणि हातातून निसटून फरशीवर फुटला.

देविका धावत आली. "दादी, क्या टूटा?"

"तिथेच थांब! पाय पुढे टाकू नकोस."

फुटलेल्या थर्मामीटरचा पारा बाईंनी जन्मभर निगुतीने उचलला होता. या दिव्यातही पारा असतो, थोडा, पण असतो, हे त्या जाणून होत्या. पंखा बंद केला. खिडकी उघडायची, तर तिच्यात एसी बसवून उरलेल्या जागेत प्लायवुड ठोकलेलं. खोलीचं दार ओढून त्या पोरीला घेऊन बाल्कनीत आल्या. तिथेही गळ्यापर्यंत जाळी. ऊन नुसतं भाजत होतं.

त्यांनी उन्मेषला फोन लावला.

"झाडूने लोटून टाक ना, आई."

"झाडू लावला की ती पूड घरभर उडते. तू येऊन दार उघड, पोरीला खाली सावलीत नेते."

"मीटिंग आहे यार. चलो, संध्याकाळी बघतो."

अर्धा तास त्यांनी नातीला पदराने वारा घातला. मग एकट्याच खोलीत गेल्या. जाड पुठ्ठ्याने काचा गोळा केल्या, चिकटपट्टीने पूड टिपली, ओल्या कागदाने फरशी पुसली आणि सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. मग साबणाने हात धुतले.

संध्याकाळी उन्मेष चिडला. "स्टुलावर चढायला कुणी सांगितलं होतं?"

"दिव्याचं सोड. आग लागली असती तर? मी या पोरीला घेऊन कुठून बाहेर पडले असते?"

 निधीनेच दुसऱ्या दिवशी दाराची दुसरी किल्ली करून आणून बाईंच्या हातात ठेवली. "आई, पण लांब जाऊ नका हं."

पुढच्या रविवारी बाई बरणी घेऊन निघाल्या. असले दिवे दुकानदार परत घेतो का, ते विचारायचं होतं. सोसायटीच्या फाटकाशी गार्ड आडवा आला.

"माताजी, अकेले नहीं. साहब ने मना किया है."

"मला... मेरे पास चाबी है," बाई म्हणाल्या.

"चाबी तो घर की है," तो नरमाईने म्हणाला आणि उन्मेषचा नंबर फिरवू लागला. फोन एंगेज होता. बाई फाटकाच्या आतल्या बाकावर, बरणी मांडीवर घेऊन, बसून राहिल्या.