कुलपातलं मेन स्विच

मंदाबाई देवळीच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रेच्यावर म्हणजे सरकी काढणाऱ्या मशीनवर कापूस लावायची. नवरा वारल्यावर तिनं धाकट्या बहिणीला, जयवंतालाही तिथंच कामाला लावलं. सगळे रेचे एकाच मोठ्या मोटारीवर फिरायचे आणि मोटारीचं मेन स्विच भिंतीपलीकडच्या खोलीत होतं. बाया मधेच मशीन बंद करून बसतात, असं कुणीतरी मालकाच्या कानात भरवलं. एकोणीसशे एकोणऐंशीच्या हंगामात खोलीला कुलूप लागलं. किल्ली फिटर महादेवरावांच्या कमरेला.

एका दुपारी जयवंताचा पदर रेचा फिरवणाऱ्या पट्ट्यात गेला. सोडवायला गेली तर हातही ओढला गेला.

"बाई, बंद कर वं! बंद कर!"

मंदाबाई खोलीकडे धावली. दाराला कुलूप, महादेवराव चहाला गेलेले. एक बाई त्यांना बोलवायला पळाली. मंदाबाईनं कडी हिसडली, दाराला खांदे दिले. मागून बहिणीचा आवाज येत होता, तोही घडघडाटात बुडत चालला. तिनं काट्याजवळचं लोखंडी वजन उचललं आणि कुलपावर घालत राहिली. कोयंडा उखडला. आत स्विचचे तीन दांडे. त्यातला कोणता, तिला काय ठाऊक? तिनं तिन्ही खाली ओढले.

रेचे थांबले. मागं वळून बघायचा मात्र तिला धीर होईना.

जयवंता वाचली, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

"कुलूप काऊन तोडलं?" मॅनेजरनं विचारलं.

"साहेब, पाया पडतो तुमच्या. मले काढा कामावरून, पण ते दार उघडं ठेवा."

हंगाम जोरात होता, तिला कुणी काढलं नाही. दाराला मात्र नवा कोयंडा बसला.

मग महादेवराव चहाला निघाले की मंदाबाई कापसातून हात काढून, किल्ली परत येईपर्यंत उभी राहू लागली. पहिले काही दिवस बाकीच्या बायाही थांबल्या. मजुरी कापली तशा एकेक करून पुन्हा कामाला लागल्या. तिनं महादेवरावांना वाटेत गाठलं.

"भाऊ, जाताना किल्ली मले देऊन जात जा."

"मालक मलेच घरी बसवतीन, मंदाबाई," ते खाली बघत म्हणाले.

संक्रांतीआधीच मॅनेजरनं तिचं काम बंद केलं. ती लोकांच्या वावरात मजुरीला जाऊ लागली. सकाळी निघताना जयवंताची वेणी घालून द्यायची. जयवंता आरशाकडे पाठ करून बसायची.