मामेसासऱ्यांची सुतळी

माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो असं मानणारे लोक जगात पुष्कळ असतील. तो मांडीच्या घेरावरून ओळखता येतो असं मानणारे गृहस्थ मला एकच ठाऊक आहेत, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघावेत हे माझं नशीब. मामा कडेगावच्या तालमीचे निवृत्त वस्ताद. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलीकडच्या बाकी मंडळींनी माझा पगार विचारला, मामांनी मात्र चहा यायच्या आत खाली वाकून माझी पोटरी दाबून पाहिली. मग हात धोतराला पुसत सगळ्यांना म्हणाले, "पोरगं शिकल्यालं हाय. बाकी काय न्हाई." या निदानाला आता बावीस वर्षं झाली आणि ते बदलावं असं माझ्या हातून, किंवा पायांकडून, काहीही घडलेलं नाही.

मामांच्या बंडीच्या खिशात अडकित्त्याबरोबर कायम एक सुतळी असते. तिच्यावर एक जुनी, तेलकट गाठ आहे. ती म्हणजे पंचविशीतल्या मामांची मांडी. गावातल्या प्रत्येक माणसाची योग्यता या गाठीच्या अलीकडे ठरते, पलीकडे आजवर कोणी गेलेलं नाही. गावात नवा बँक मॅनेजर आला तेव्हा मामा त्याला लांबूनच बघून म्हणाले, "कंबर हाय, मांडी न्हाई. टिकत न्हाई गडी." सहा महिन्यांत त्याची बदली झाली. मयताला गेले तरी परतताना हळहळ हीच, "शेवटपातूर पिंढऱ्या राखल्या हुत्या त्यानं."

अशा माणसाच्या घरात अनू जन्मली. अनू त्यांची नात, आता नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण पाय ताठ. गुडघे एकमेकांना चिकटलेले, टाचा जमिनीला लागत नाहीत, चालायला चाकांचा वॉकर. पाहुण्यालाही जेवणाआधी दहा बैठका मारायला लावणारा हा माणूस नातीच्या बाबतीत मात्र नुसतं तेल लावून गप्प बसायचा. ताठ पायांना जोर दिला तर ते आणखी ताठतील, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं होतं.

अनूचं दुखणं मात्र वेगळंच होतं. तिचा हजेरीतला नंबर सतरा. वर्गात नाव पुकारलं की पोरं उभी राहून "हजर, सर" म्हणतात. सर तिला प्रेमानं म्हणायचे, बस तू, बसूनच म्हण. या प्रेमाचा तिला भयंकर राग होता. ती बाकाला धरून उठायचीच, पण ती उभी राहीपर्यंत सर बाविसाव्या नंबरावर पोचलेले असत. तिचं "हजर" कुणा भलत्याच पोराच्या नावाला पडायचं आणि वर्ग हसायचा. "मला सतरावरच म्हणायचंय," तिनं घरात जाहीर केलं.

म्हणून मामा आणि अनू महिन्यातून दोन शनिवार आमच्याकडे सांगलीला येऊ लागली. इथल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी अनूचे पाय तपासून सांगितलं, "आजोबा, हिचे स्नायू ताठ आहेत तसे अशक्तही आहेत. दोर ताणलेला असला म्हणजे तो जाड असतोच असं नाही. ताकद वाढवायला हवी." मग बुटक्या स्टुलावरून न धरता उठणं-बसणं, पायाला वाळूच्या छोट्या पिशव्या, आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या, जमू लागलं की वजन थोडं वाढवायचं. मामांचा चेहरा मैदान मारल्यासारखा फुलला. पण बाईंनी "एक दिवसाआड" म्हटल्याबरोबर तो उतरला.

"एक दिवसाआड? ह्यो व्यायाम हाय का नळाचं पाणी?"

एकट्यानं मेहनत होत नाही, जोड लागतो, हा तालमीचा नियम. आमच्या घरात जोड म्हणून निवड झाली माझी. शनिवारी संध्याकाळी दिवाणखान्यात दोन स्टुलं. एकावर अनू, एकावर मी. सातव्या उठण्याला माझा हात नकळत सोफ्याकडे जायचा.

"आजोबा, काकांनी हात धरला."

"जावईबापू, पयल्यापासनं."

बायको हे सगळं दारातून अत्यंत समाधानानं पाहायची.

महिनाभरात अनूचं "हजर" विसावर आलं. रोज संध्याकाळी मामांचा फोन यायचा, नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसतं "आज वीस." पण सुतळी हलेना. मांडीचा घेर होता तेवढाच, आणि मामांचा विश्वास सरांच्या हजेरीपेक्षा सुतळीवर जास्त. त्यांनी कोणाला न सांगता रोज मेहनत सुरू केली, आठाच्या पंधरा केल्या, वाळूत वाळू भरली. चार दिवसांनी फोन आला तो दबक्या आवाजात. "आज चोवीस." दुसऱ्या दिवशी अनू उठलीच नाही. बसून "हजर" म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिनं बाईंसमोर आजोबांची चहाडी केली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मोठी कुस्ती झाली की दुसऱ्या दिवशी पैलवानाला काय करायला लावत होता?"

"मालिश. खुराक. झोप."

"का?"

"अंग त्या दिशीच धरतं," मामा म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तरानं चीतपट झाल्यासारखे खाली बघू लागले. बाईंनी सुतळीचंही समजावलं. आधी मेंदू आणि स्नायू यांचं जमतं, मगच स्नायू भरतो. मामा म्हणाले, "म्हंजे आदी डाव बसतो, मग अंग भरतं. आवं, मग आदीच सांगायचं तसं."

त्यानंतर व्यायामाच्या सुट्टीच्या दिवशी मामा स्वतः स्टुलं माळ्यावर टाकू लागले, उगाच हात शिवशिवायला नको म्हणून. एकोणीस. पुन्हा वीस. अठरा, आणि अठरावर तीन आठवडे. मग एका मंगळवारी फोन वाजला, आणि मामा काही बोलेचनात. मागून अनूचा आवाज आला, "सांगा की आता."

"सतरा," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी आले तेव्हा त्यांनी सुतळी काढली, अनूची मांडी मोजली. अर्धं बोट वाढ होती. मग काय वाटलं कोणास ठाऊक, धोतर सावरून स्वतःच्या मांडीला सुतळी गुंडाळली आणि टोक मला धरायला दिलं. मी जुनी गाठ शोधली. ती टोकाच्या पुष्कळ पुढे गेली होती. मामांची मांडी तीन बोटं आटली होती. मी सुतळी थोडी ढिली धरून बघितली, पण वस्तादाला फसवणं मला कुठलं जमायला.

"नीट धरा, जावईबापू. दिसतंय मला."

आतल्या खोलीत अनू माझ्या बायकोला सतरा नंबरचं उठणं करून दाखवत होती, स्टूल करकरत होतं. मामांनी तिकडे कान दिला, सुतळी गुंडाळून खिशात टाकली.

"गेली कुटं न्हाईत ती तीन बोटं," ते म्हणाले. "घरातच हायत."