विमान चालू ठेवणारा माणूस

“विमान पायलट चालवते, बाई. मी ते चालू ठेवत होतो.”

हे वाक्य त्यांनी अहेरीत किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. गावचा माणूस हवाई दलातून परत आलाय म्हटल्यावर लोक मुद्दाम भेटायला जात, विमान कसं उतरवता ते विचारत आणि हे उत्तर ऐकून हिरमुसून परतत. आठवडी बाजारात एका म्हाताऱ्याने तर निकालच लावला, “म्हंजे क्लीनर होता काय?”

ते पोटभर हसले. “हो ना बाबा. मोठ्या गाडीचा क्लीनर!”

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मी अहेरीच्या दवाखान्यात नर्स होते आणि ते आमच्या जुन्या मोटारीची देखभाल करायला लागले होते. फ्लाइट इंजिनिअर म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. चार इंजिनांचं मोठं विमान. पुढे दोन पायलट, त्यांच्या मागे यांची खुर्ची आणि समोर नुसते काटेच काटे. कोणत्या इंजिनाला किती पेट्रोल जातंय, कोण तापलंय, कोण कुरकुरतंय, ते यांनी बघायचं.

“मग खालचं काही दिसायचं?”

“काय दिसते? लोकं म्हणतात, याने सारा देश पाह्यला. मी काटेच पाह्यले.”

हसत बोलायचे, पण उजवीकडून हाक मारली तर ओ देत नसत. सर्दी असताना एकदा उड्डाण केलं आणि उतरताना कानाचा पडदा फाटला. कान बरा झाल्याशिवाय उडायचं नाही, असं ठरलं आणि ते आईजवळ घरी आले. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, मोठ्या डॉक्टरांना कान दाखवा, असं मी कितीदा सांगितलं. ते विषय बदलत. एकदा मात्र बोलून गेले, “दाखवलं आन् ते नाई म्हणाले तं? मंग काय करू?”



त्या उन्हाळ्यात एक गोंड बाई अडली. मूल आडवं होतं. चांद्याला नेण्यावाचून इलाज नव्हता. मोटारीत मागे ती, तिची सासू आणि मी; पुढे ड्रायव्हर लतीफभाऊ आणि हे. आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात, मोटार दोनतीन आचके देऊन थांबली. टाकीत पेट्रोल होतं, पण ते इंजिनापर्यंत ओढणाऱ्या पंपाचा आतला पडदा फाटला होता. दुसरा पंप मिळायचा तोही चांद्यालाच.

बाई कण्हत होती. सासू माझा हात सोडत नव्हती. लतीफभाऊ नुसते कपाळ पुसत होते.

हे मागे आले आणि माझ्या सामानाकडे बघत राहिले. “बाई, तो एनिमाचा डबा द्या.”

“काय?”

“डबा आन् त्याची नळी. लवकर.”

इंजिनावरचं पत्र्याचं झाकण त्यांनी काढून टाकलं. डब्यात पेट्रोल भरून तो पुढच्या काचेच्या चौकटीला उंच बांधला, नळीचं टोक इंजिनाला जोडलं आणि स्वतः मडगार्डवर बसले. पाठ रस्त्याकडे, तोंड इंजिनाकडे, नळी चिमटीत.

“भाऊ, पडसाल ना!” लतीफभाऊ ओरडले.

“तू रस्ता पाह्य. इंजन माह्याकडे.”

मोटार सुरू झाली. लतीफभाऊ ओरडायचे, “चढ आहे!” की हे चिमूट सैल करायचे. “उतार!” की आवळायचे. डबा संपला की थांबून भरायचा, पुन्हा निघायचं. वैनगंगेच्या रेतीतून मोटार रडतखडत पार झाली, तेव्हा यांच्या भुवयांवरसुद्धा धूळ होती. एकानेही दुसऱ्याचं काम करायला बघितलं नाही. त्या दिवशी मला विमान आतून कसं चालत असेल ते समजलं.

चांद्याला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. मी धावत बाहेर सांगायला आले, तर हे मोटारीजवळ उभे.

“लेकरू रडलं काय?”

“रडली! सगळा वॉर्ड उठवला.”

ते मोटारीच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हात खाली घेतले तेव्हा धुळीत ओले ओघळ होते.

मी तिथेच म्हटलं, “आता उठा. कान दाखवायचा.”

या वेळी त्यांनी विषय बदलला नाही. डॉक्टरांनी कान तपासला, बरेच दिवस औषध चालेल म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. पुढे दर महिन्याला ते चांद्याला जात राहिले. पडदा हळूहळू भरून आला, आणि एक दिवस त्यांना कामावर परत बोलावणं आलं.

निघाले त्या सकाळी बसजवळ त्यांची आई होती, आम्ही दवाखान्यातले होतो, आणि ती बाईही मुलीला घेऊन आली होती. मुलगी आता उभी राहायला लागली होती. त्यांनी तिला उचललं, तर तिने त्यांच्या सदऱ्याचं बटण धरलं ते सोडेचना. कंडक्टर घंटी मारत होता. बोटं सोडवता सोडवता बटणच तुटलं.

बस हलली. बाई मुठीतून बटण काढायला बघत बसमागे धावली, तसे ते खिडकीतून डोकं काढून ओरडले, “राहू दे वं! तिले खेळू दे!”

उघड्या गळ्यापाशी सदरा वाऱ्याने फडफडत होता. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही बघत राहिलो. मुलीने मात्र मूठ उघडली नाही.