जोडावरचा नंबर

सुदामा नगरच्या आमच्या अंगणात मी एका जुन्या मोटारीला टर्बो बसवत होतो. इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारे वाकडे पाइप तयार मिळेनात, तेव्हा पोलोग्राउंडच्या एका दुकानदाराने एका वेल्डरला माझ्याकडे पाठवलं. तो पूर्वी एका मिलमध्ये, ती बंद पडेपर्यंत, बॉयलरचे पाइप जोडायचा. नाव मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

वेल्डिंग गार झालं की तो जोडावरून अंगठा फिरवायचा. काही खटकलं, तर घासून पुन्हा करायचा. शेवटी त्याने पिशवीतून आकड्यांचे लोखंडी ठसे काढले आणि प्रत्येक जोडापाशी तोच एक नंबर ठोकला.

"हे काय?"

"माझा मिलचा नंबर. कायदाच होता भिया, जो जोडेल त्याने ठोकायचा. फूट गया तो किसको पकडेंगे?"

"आता मिलच नाही. तुम्हाला कोण पकडणार?" मी हसत म्हटलं.

त्याने आकड्यांवर हलकेच फुंकर मारली.

"कोणी पकडायला आलं ना, तर बरंच वाटेल."

मोटार पुढे खूप वर्षं पळाली. ते जोड कधी फुटलेच नाहीत. त्याला शोधत जायची वेळ कोणावर आलीच नाही.