प्लॅटिनमचं पथ्य

मृत्यू समोर दिसला की माणसाला जीवनाचा अर्थ कळतो. बेळगावच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, निकाल सांगितला: फुप्फुसाचा कर्करोग. मला तेव्हा एवढंच कळलं की त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे.

तोवर मी खोकल्याचा दोष आमच्या गुंद गावच्या धुक्याला देत होतो.

औषध ठरलं सिस्प्लॅटिन. हे प्लॅटिनम धातूचं संयुग, शिरेतून देतात. ते कर्कपेशीच्या डीएनएला चिकटतं आणि तिची वाढ रोखतं, मग गाठ आपोआप लहान होते. त्याचा गुण योगायोगानंच कळला. शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते, आणि जिवाणूंची वाढ थांबली. परिणाम निघाला वीज सोडायच्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांचा.

पहिला डोस घेऊन घरी आलो आणि ही सगळी विद्वत्ता थोरल्या बहिणीला, अक्काला, ऐकवली. आमच्याकडे वैदूचं धातूचं भस्म घेतलं की पथ्य कडक: अळणी जेवण, घोटभर पाणी. धातू म्हटल्यावर अक्कानं तेच लावलं. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, असं मी म्हणालो.

"त्यास्नी पथ्य काय ठाव? एवढं भारी औषध. पाणी ढोसलास तर वाहून जाईल की रे."

मळमळीनं मलाही पाणी नकोच होतं. मी सोयीस्करपणे परंपरा पाळली.

दुसऱ्या डोसआधी रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. म्हणजे मूत्रपिंडं कचरा नीट गाळत नव्हती. डोस थांबला. गाठ थांबणार नव्हती.

डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं. अक्का अभिमानानं म्हणाली, "थेंबभर वाहून जाऊ दिलं न्हाई."

"अक्का, ते वाहून जायलाच पाहिजे. काम झालं की मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. पाणी नसलं तर त्यांनाच खातं."

अक्कानं उलट विचारलं, "नुसतं पाणी प्या म्हटलासा. का, ते कुठं सांगितलासा?"

डॉक्टरांनी सलाइन लावलं.

क्रिएटिनिन उतरलं, डोस मिळाला. मूत्रपिंडांना कमी छळतील अशी रुथेनियम आणि तांब्याची संयुगं प्रयोगशाळांत तपासतायत, असं डॉक्टर म्हणाले. त्यातली बहुतेक बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांतच नापास होतात. माझ्या शिरेतलं औषध ती परीक्षा कधीच पास झालंय. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ निम्मी झालेली दिसली. त्या दिवशी अक्का डॉक्टरांच्या पाया पडायला निघाली होती. मी दोघांचे मनापासून आभार मानले.

तुमच्यावर ही वेळ आली तर घरचं पथ्य डॉक्टरांना सांगा, आणि डॉक्टरांचं पथ्य का, ते विचारून घ्या.

आता अक्का सारखा तांब्या पुढं करते. बेळगावहून येताना आमची बस लघवीसाठी वाटेत एकदाच, रामनगरला थांबते.