भिंतीवरचा फार्मासिस्ट

"बाबा, तुम्ही फक्त रडा. बोलायचं ते आम्ही बोलू."

स्टेजच्या मागे संस्थेच्या चिटणीसबाईंनी मला हे सांगितलं. वर हसल्या. "तुमचं मराठी अर्धं हिंदी. लोक हसतील." बायकोचा फोटो माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला, टेबलावर ठेवून हार घातला. मला विचारलंसुद्धा नाही.

जयेंद्रगंजमधला हॉल. नवीन फार्मसी कॉलेजची सभा. आपल्या भागात फार्मासिस्ट मिळत नाहीत, माणसं मरतात, असं सांगून देणग्या गोळा करायच्या होत्या. त्यासाठी मेलेलं माणूस दाखवायला लागतं. ते माझ्या घरचं होतं.

मी चौथी शिकलेला. जन्म चौकीदारीत गेला. बायकोला ब्लडप्रेशर. किला गेटच्या मेडिकलवरून गोळ्या घ्यायची. त्या दिवशी गोळी वेगळी दिसली, म्हणून तिने विचारलं. काउंटरवरचा म्हणाला, "अरे अम्मा, वही है. बस कंपनी दूसरी है." तिने विश्वास ठेवला. रात्री घेतली. सकाळी अंथरूण घामाने भिजलेलं, ही हाकेला ओ देत नाही. कंपूच्या मोठ्या इस्पितळात नेली. डॉक्टरने गोळ्यांचं पाकीट बघितलं. "इनको शुगर की गोली किसने दी?"

तिला शुगर नव्हतीच. संध्याकाळी गेली.

त्या दुकानात फार्मासिस्ट नव्हता? होता की. भिंतीवर. फ्रेममध्ये. सर्टिफिकेट भाड्याने दिलेलं. भाडं घरपोच, माणूस कधी दुकानाची पायरी चढला नाही. किला गेटवर सगळ्यांना ठाऊक. मोठ्या दरबारी घराण्यातला. आमचे आजे यांच्या ड्योढीवर, वाड्याच्या दारात, पहारा द्यायचे.

आणि तोच स्टेजवर, मधल्या खुर्चीत. कॉलेजचा होणारा प्राचार्य.

अध्यक्ष माइकवर म्हणाले, "एक फार्मासिस्ट असता, तर या माउली आज जिवंत असत्या."

माझं डोकं फिरलं. उठलो. माइक ओढून घेतला.

"फार्मासिस्ट होता. हा काय, बसलाय. विचारा त्याला, दुकान सोडून कुठे होतास?"

तो घड्याळाशी चाळा करत बसला. चिटणीसबाई धावत आल्या, माझं कोपर धरलं.

"दुःखात माणूस काहीही बोलतो. चला बाबा, चहा घ्या."

"हात काढा. रडायला आणलंत ना मला? नाही रडत."

हार काढून टेबलावर टाकला. फोटो उचलला. बाहेर आलो.

जिन्यात आमच्याच समाजातला एकजण आडवा आला. "काका, कॉलेज होतंय तर तुम्ही टांग अडवताय? पोरांचं भलं नको?"

पाहिजे. एक काय, दहा कॉलेजं पाहिजेत. आमची पोरं शिकू देत, काउंटरवर स्वतः उभी राहू देत. पण हा माणूस त्यांना शिकवणार नाही. पोलिसात तक्रार दिली आहे. इथे दाबली तर वर भोपाळला, सरकारकडे जाईन. तरीही त्याला खुर्चीवर बसवलंच, तर मी फाटकाशी उभा राहीन. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला हिचं नाव सांगेन, मग त्याचं. हाकललं तर दुसऱ्या दिवशी परत येईन.