पिवळा जिलेटीन कागद

रायपुरातल्या मराठी मंडळींत उजेडाचा माणूस एकच, तो म्हणजे तात्यापाऱ्यातले नरहरभाऊ. नोकरी कारकुनाची, पण गणपतीतल्या नाटकांचे दिवे तीस वर्षं त्यांचेच. दिव्यापुढे कोणता जिलेटीन कागद धरला की कोणता रंग मरतो आणि कोणता उठतो, हे त्यांना तोंडपाठ. तेवढाच काय तो मान, आणि तो त्यांनी जिवापाड जपलेला.

अन् त्यांच्याच ऑफिसातल्या श्यामरावांनी तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. आत पोवळी, सदर बाजारात अंगठीत बसवतात ती नव्हे, जिवंत. वर निळे दिवे. त्या उजेडात पोवळी स्वतःच चमकतात म्हणे. नव्या रायपूरला ऑफिसात नेणाऱ्या बसमध्ये रोज हाच विषय, अन् इकडे नरहरभाऊंच्या पोटात दुखायचं. उजेडाची गोष्ट, आणि लोक विचारतात कोणाले, तर श्यामरावाले!

संक्रांतीआधीच्या रविवारी श्यामरावांनी सगळ्यांना टाकी पाहायला बोलावलं. बायकोला, वनमालाबाईंना घेऊन नरहरभाऊही गेले. पाहतात तर टाकीभर नुसता निळाच निळा. पोवळी जराशी हिरवट, बस. लोक तोंडदेखलं छान छान म्हणाले. श्यामरावांचा चेहरा उतरला.

"भाऊ, तुम्ही लाइटवाले. काय चुकून राहिलं, सांगा न."

नरहरभाऊंना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. सगळे पोहे खायला आत गेले, तसा त्यांनी खिशातल्या डायरीतून पिवळ्या जिलेटीनचा तुकडा काढून डोळ्यांपुढे धरला. निळा रंग पार मेला. काळ्या पाण्यात पोवळी पेटली होती, पोपटी, केशरी, लाल. तीस वर्षांत त्यांच्या हातून असा उजेड एकदाही पडला नव्हता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तुकडा त्यांनी मुकाट्यानं डायरीत घातला.

"काही नाही चुकलं," ते आत जाऊन म्हणाले. "पोवळंच हलकं दिलं तुमाले."

शुक्रवारी श्यामरावांच्या घरी त्यांच्या बायकोचं, मीरावहिनींचं हळदीकुंकू होतं. वनमालाबाई परतल्या त्या हसतच.

"तुमच्या दिव्यांच्या पेटीतला पिवळा कागद मी तिळाच्या लाडवांले गुंडाळून नेला होता. मीरावहिनींनं पुडी सोडली, कागद सहज डोळ्याले लावला, अन् टाकीकडे पाह्यलं. मंग काय, साऱ्या बाया आळीपाळीनं कागद डोळ्याले लावून उभ्या."

नरहरभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "श्यामराव काय म्हणे?"

"म्हणे, भाऊंनी चारचौघांत माही चूक नाही काढली. पोवळं हलकं म्हणून गंमत केली, अन् मंग गुपचूप कागद पाठवला. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस नाही पाह्यला म्हणे." त्यांनी पुडी पुढे केली. "हा लाडू तुमाले खास पाठवला त्यांनी."

पुडीला तोच पिवळा कागद होता. नरहरभाऊंनी लाडू तोंडाशी नेला, अन् न खाताच परत त्या कागदात गुंडाळून ठेवला.